मुरुमांवरच्या गोळ्या : कोणी, कशा आणि कोठवर

कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो वेतनवाढीवर, बोनसवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती वावगी नव्हे. तथापि या खेपेस आम्ही विषय निवडला आहे तो तोंडावरच्या मुरुमांचा; किंबहुना मुरुमांसाठी पोटातून घ्यावयाच्या अँटिबायोटिक गोळ्यांचा. विषय ऐकून काही मंडळी हसली. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांची चाळिशी उलटलेली होती, हेही येथे नमूद करून ठेवतो.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आणि वस्त्रोद्योगाच्या शेडमधून आज जी मुले-मुली काम करतात, त्यांतील पुष्कळांचे वय अठरा ते पंचवीस. इंदापूर तालुक्यातील गावांतून पहाटेच्या गाडीने ती येतात. संघटनेच्या कामानिमित्त आम्ही त्यांच्यात बसतो, उठतो. डब्याच्या पिशवीत भाकरीशेजारी गोळ्यांचे पाकीट दिसते. कशाच्या म्हणून विचारावे, तर उत्तर मिळते, “काका, तोंडावर फोड येतात ना, त्याच्या.” कोणी दिल्या? मैत्रिणीला गुण आला म्हणून तिचे रिकामे पाकीट मेडिकलमध्ये दाखवले आणि तसलेच दुसरे घेतले. किती दिवस घ्यायच्या? “बरे वाटेपर्यंत.” आणि बरे वाटले नाही तर? त्यावर मात्र उत्तर नसते. आम्ही डॉक्टर नव्हे, आणि येथे कोणाला औषध लिहून देणार नाही. परंतु कामगाराच्या पोटात काय जाते, ते का जाते आणि त्याचा पुढे काय परिणाम होतो हे समजून घेणे व समजावून सांगणे, हे काम आम्ही आमच्याच कामाचा भाग समजतो.

ज्याला मुरुम हे क्षुल्लक दुखणे वाटते, त्याने लग्नासाठी बघण्याच्या कार्यक्रमाला बसवलेल्या मुलीच्या जागी क्षणभर स्वतःला बसवून पाहावे. मुरुम जातात, पण खोल मुरुमांचे खड्डे गालावर जन्मभर राहतात. फोटो काढावयाचा म्हटला की मागच्या रांगेत सरकणारी मुले आम्ही पाहिली आहेत. बारा ते चोवीस वर्षांच्या वयात शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी जणांना थोडेफार मुरुम येतातच, असे जगभरचे वैद्यक सांगते. म्हणजे हे दुखणे घरोघरचे आहे. दुखणे घरोघरचे असले की त्यावरची चुकीची समजूतही घरोघरची होऊन बसते, आणि औषधाचा चुकीचा वापरही.

प्रथम मुरुम म्हणजे काय ते पाहू. आपल्या कातडीवर केसांची बारीक छिद्रे असतात. प्रत्येक छिद्राच्या पोटात तेलकट द्रव पाझरणारी एक ग्रंथी असते. वयात येताना शरीरात जी पुरुषी संप्रेरके वाढतात (ती मुलींतही असतात, थोडी असतात इतकेच), त्यांच्या हुकमाने या ग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल सोडू लागतात. त्याच सुमारास छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या कातडीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून बूच बसते. आत तेल तुंबते. बंद तोंडाखाली पांढरा दाणा दिसतो; तोंड उघडे असेल तर काळा ठिपका दिसतो. हा काळा रंग मळाचा नव्हे. कातडीचे स्वतःचे रंगद्रव्य हवा लागून काळे पडते, म्हणून दिवसातून सहा वेळा साबणाने घासून तो जात नाही. उलट कातडी सोलवटते. तुंबलेल्या तेलात एक जंतू वाढतो. त्याचे नाव क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ पर्यंत त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत. हा जंतू बाहेरून आलेला चोर नव्हे. तो तुमच्याआमच्या सर्वांच्या कातडीवर नांदतो. तुंबाऱ्यात तो माजला की शरीराचे संरक्षक दल तेथे धावून येते आणि लाली, ठणका, पू, गाठ हे सारे त्या धुमश्चक्रीतून उत्पन्न होते.

म्हणजे एका मुरुमामागे चार गोष्टी आहेत : जादा तेल, छिद्राचे बूच, जंतूंची वाढ आणि दाह. पुढचे सारे विवेचन या चार गोष्टींवर उभे आहे. आमच्याकडे मुरुम आले की “अंगात उष्णता आहे” म्हणतात, आंबा बंद करतात, मुलीला टोमणे मारतात. आंब्याविरुद्ध काही पुरावा नाही. झपाट्याने रक्तातील साखर वाढवणारे खाणे आणि काही जणांच्या बाबतीत दूध यांचा थोडा संबंध असावा असे काही अभ्यासांत दिसले आहे; पण तेवढ्यावरून कोणाचा घास काढून घेऊ नये.

आता गोळीकडे वळू. मुरुमांसाठी जी अँटिबायोटिक्स मुख्यतः वापरतात ती टेट्रासायक्लिनच्या घराण्यातील आहेत. या घराण्याचा मूळ पुरुष मातीत सापडला. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या शेतातल्या मातीच्या नमुन्यातून बेंजामिन डग्गर या वयोवृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाने एक सूक्ष्म जीव वेगळा केला, आणि त्यापासून मिळालेले ऑरिओमायसिन हे औषध १९४८ साली जगापुढे आले. ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत हे काम झाले तेथील संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. औषध जाहीर झाले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वारले. एवढा मोठा माणूस, पण आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्याचे नाव शोधावे लागते. पुढे याच घराण्यातील डॉक्सिसायक्लिन हे औषध १९६७ साली अमेरिकेत वापरात आले आणि आज मुरुमांसाठी डॉक्टर बहुधा तेच देतात. मिनोसायक्लिन हे त्याचे धाकटे भावंड. त्याने क्वचित चक्कर, कातडीवर निळसर डाग आणि सांधेदुखीसारखे उपद्रव होतात, म्हणून त्याला दुसरे स्थान.

आपल्या पुणे जिल्ह्यालाही या इतिहासात जागा आहे. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक मालकीचा कारखाना स्थापन झाला; जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची त्यास मदत होती. १९५५ पासून तेथे पेनिसिलिन निघू लागले. परदेशी कंपन्यांच्या दराने जे औषध गरिबाला परवडत नव्हते ते देशाच्या कामगारांनी देशात तयार केले. पुढे हा कारखाना आजारी पडला, कामगारांचे पगार थकले. ती कहाणी वेगळी आणि दुःखाची आहे, येथे तिला जागा नाही. सांगण्याचा मुद्दा इतकाच की हे औषध फार मोलाचे म्हणून आले होते. आज ते इतके स्वस्त झाले आहे की त्याचे मोल कोणाला वाटेनासे झाले आहे.

ही गोळी मुरुमावर कशी चालते? दोन प्रकारांनी. एक तर ती जंतूच्या पेशीतला प्रथिने तयार करण्याचा कारखाना बंद पाडते, त्यामुळे जंतूची वाढ खुंटते. दुसरे, ती दाह शांत करते. जंतू मारण्यास अपुऱ्या अशा लहान मात्रेतही तिचा हा गुण टिकतो. वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी तिने दोन सांभाळल्या. राहिलेल्या दोन, म्हणजे जादा तेल आणि छिद्राचे बूच, यांना ती हात लावत नाही. म्हणून नुसती गोळी घेणाऱ्याचे मुरुम गोळी चालू असेपर्यंत ओसरतात आणि बंद केल्यावर महिना-दोन महिन्यांत पुन्हा डोके वर काढतात. “गोळ्या सोडल्या की परत येतात” ही तक्रार आम्ही शेकडो वेळा ऐकली. तक्रार खरी आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष, की गोळ्या सोडूच नयेत, तो खोटा आहे.

बूच उघडण्याचे काम लावावयाच्या औषधाचे. ॲडापलिनसारखी मलमे रात्री पातळ थर देऊन लावतात. गरोदरपणात मात्र ती वापरत नाहीत. दुसरे बेंझॉइल पेरॉक्साइड. हे जंतूला प्राणवायूच्या जोरावर मारते, आणि त्याच्याविरुद्ध जंतू अद्याप निर्ढावलेले नाहीत. त्याचे अडीच टक्क्यांचे मलम दहा टक्क्यांच्या मलमाइतकेच काम करते आणि कातडीची आग कमी करते. तेव्हा “जास्त पॉवरचे द्या” म्हणून दुकानदाराच्या मागे लागू नये. एक सूचना बायकांसाठी : या मलमाने उशीचा अभ्रा, टॉवेल आणि साडीचा पदर यांचा रंग उडतो. जुना पांढरा टॉवेल वेगळा ठेवावा. ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही आणि मग मलमालाच नावे ठेवली जातात.

गोळी कोणाला लागते हेही समजून घेतले पाहिजे. नुसते काळे-पांढरे दाणे असतील तर गोळीचे काहीच काम नाही; मलमे पुरतात. लाल, पुवाचे, दुखणारे फोड पुष्कळ असतील, छातीपाठीवर पसरले असतील, खड्डे पडू लागले असतील, तेथे डॉक्टर गोळीचा विचार करतात. फार खोल गाठी असतील तर अँटिबायोटिकवर महिने घालवण्यापेक्षा लवकर कातडीच्या डॉक्टरकडे गेलेले बरे. त्यांच्याजवळ आयसोट्रेटिनॉइन नावाचे अधिक जोरकस औषध आहे. त्याने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते, म्हणून बाईमाणसाने ते डॉक्टरच्या देखरेखीशिवाय कदापि घेऊ नये, आणि टेट्रासायक्लिन घराण्यातल्या गोळीबरोबर तर कोणीच घेऊ नये. दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा धोका असतो. ज्या मुलीची पाळी अनियमित आहे, हनुवटीवर राठ केस येत आहेत, तिच्या मुरुमांचे मूळ संप्रेरकांच्या बिघाडात असू शकते. तिला वर्षभर अँटिबायोटिक देत राहणे म्हणजे फाटलेल्या पत्र्याखाली रोज बादली ठेवणे होय.

आता मुदत. गोळीचा गुण दिसावयास सहा ते आठ आठवडे लागतात. सुमारे बारा आठवड्यांनी डॉक्टरने पुन्हा पाहावे, आणि तीन-चार महिन्यांत गोळी थांबवून पुढची राखण मलमांवर सोपवावी, असे अमेरिकेतील कातडीच्या डॉक्टरांच्या संघटनेचे आणि ब्रिटनच्या आरोग्य संस्थेचेही म्हणणे आहे. गोळीबरोबर मलम सुरुवातीपासूनच चालू हवे. आमच्या भागात याच्या अगदी उलट दोन तऱ्हा दिसतात. पहिल्या तऱ्हेचा माणूस पाच दिवस गोळी घेतो, गुण नाही म्हणून सोडतो, पुढल्या महिन्यात दुसरी घेतो. दुसऱ्या तऱ्हेचा माणूस दोन दोन वर्षे घेत राहतो. डॉक्टरची जुनी चिठ्ठी घड्या पडून फाटलेली असते, तीवरच दुकानदार पाकीट देत राहतो. त्यात अझिथ्रोमायसिनचे तीन गोळ्यांचे पाकीट फार लोकप्रिय. २०२० व २०२१ च्या साथीत हे नाव घराघरांत पोहोचले आणि तेव्हापासून खोकल्यालाही तेच, मुरुमालाही तेच. वस्तुतः मुरुमांसाठी त्याचे स्थान दुय्यम आहे. टेट्रासायक्लिन घराण्याची औषधे चालत नाहीत तेथेच त्याचा विचार व्हावा. विषमज्वरात हे औषध आपल्या देशात मोठ्या उपयोगाचे आहे. ते चेहऱ्यासाठी उधळावे काय, याचा विचार ज्याच्या घरात कोणी विषमज्वराने निजले आहे त्याने करावा.

येथे प्रतिकाराचा, म्हणजे जंतू औषधाला दाद न देण्याचा प्रश्न येतो. आमच्या शेतकरी बांधवांना तो नीरा डाव्या कालव्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. हा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामती-इंदापूरचा दुष्काळी माळ हिरवा झाला. पाण्याने जमीन तरली. पण ज्याने पाळी नसताना पाणी घेतले, उसाला तुडुंब भरले, त्याची जमीन काही वर्षांनी चोपण झाली. वर पांढरा क्षार फुटला आणि मग तेच पाणी कितीही दिले तरी पीक येईना. शिवाय टेलच्या शेतकऱ्याला पाणीच पोहोचले नाही. औषधाचेही असेच आहे. लाखो जंतूंत दोनचार असे असतात की ज्यांना औषध बाधत नाही. औषध अर्धवट किंवा वर्षानुवर्षे चालू राहिले की बाधणारे मरतात आणि न बाधणारे मोकळ्या रानात वाढतात. गोळी पोटातून घेतली म्हणजे ती केवळ गालावरच्या जंतूंपर्यंत जाते असे नाही. आतड्यातले, घशातले, नाकातले जंतूही तिच्या वाटेत येतात आणि तेही निर्ढावतात. हे जंतू हाताला हात लागून घरातल्या म्हाताऱ्यापर्यंत, तान्ह्या मुलापर्यंत पोहोचतात. कालव्याचे नुकसान निदान डोळ्यांना दिसते. हे दिसत नाही.

इंग्लंडात लीड्स येथे मुरुमांच्या रोग्यांची दहा वर्षे पाहणी झाली. एका तरी अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू ज्यांच्या कातडीवर सापडले असे रोगी १९९१ साली शेकडा साडेचौतीस होते. १९९७ साली ते चौसष्ट झाले. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. ब्रिटनमध्येच झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत, मुरुमांसाठी सहा आठवड्यांहून अधिक काळ अँटिबायोटिक घेणाऱ्यांना वर्षभरात सर्दीघशाचे विकार इतरांच्या सुमारे दुप्पट होतात असे आढळले. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच इशारा दिला होता की उद्या हे औषध दुकानात मिळू लागेल, अडाणीपणाने कोणी अपुरे घेईल आणि जंतूंना शहाणे करून सोडेल.

गोळी घेणाऱ्या पोरांवरच सारा दोष टाकणे मात्र अन्यायाचे होईल. इंदापूरच्या डाळिंबाच्या बागा घ्या. तेल्या रोग आला की शेतकरी स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत आला आहे. हे फवारणीचे औषध पिंपरीच्या त्याच कारखान्याचे, आणि त्यात स्ट्रेप्टोमायसिनबरोबर टेट्रासायक्लिन असते. होय, मुरुमावरच्या गोळीच्याच घराण्यातले! २०२१ साली केंद्र सरकारने शेतीतून हे मिश्रण टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याच्या दिशेने पाऊल उचलले, ते याच भीतीने. गोठ्यात गाईची कास सुजली किंवा ताप आला तर ऑक्सिटेट्रासायक्लिनचे इंजेक्शन देतात. तेही त्याच घराण्यातले. इंजेक्शनानंतर ठरावीक दिवस दूध डेअरीला घालू नये असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे दूध घालणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आम्ही सांगण्याची गरज नाही. एकाच कुटुंबात बागेला, गाईला आणि मुलीला एकाच घराण्यातले औषध चालू आहे, आणि तिघांच्याही बाबतीत ते सांगणारा बहुधा दुकानदार आहे, अशी आमच्या भागाची स्थिती आहे.

डॉक्टरने विचारपूर्वक गोळी दिलीच, तर ती घ्यावी कशी, हे आता थोडे विस्ताराने सांगतो, कारण दवाखान्यातील गर्दीत हे सांगायला कोणाला सवड नसते.

डॉक्सिसायक्लिनची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण पडतो. छातीत असे जळते की माणसाला हृदयविकार वाटावा. रात्रपाळीवरून येऊन, घोटभर पाण्याबरोबर गोळी टाकून अंथरुणावर आडवे होणारे कामगार यात हमखास सापडतात. पेलाभर पाणी प्यावे, उभ्याने किंवा बसून घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. जेवणानंतर घेतली तरी चालते, मळमळ कमी होते. पण दुधाबरोबर घेऊ नये. आमचा मुलूख दुधाचा. औषध म्हटले की आई दुधाचा पेला पुढे करते, आणि दूध नसेल तर चहा. दुधातील कॅल्शियम या घराण्यातील औषधाला धरून ठेवते आणि ते रक्तात पुरते उतरत नाही. जुन्या टेट्रासायक्लिनबाबत हे फार घडते, डॉक्सिसायक्लिनबाबत कमी, पण घडते. पित्तावरच्या पातळ औषधाचेही तसेच. लोहाच्या गोळीचे तर याहून जास्त. शाळा-कॉलेजांतून आणि आरोग्य केंद्रांतून मुलींना रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या अवश्य घ्याव्यात, मात्र दोन्हींत निदान तीन तासांचे अंतर ठेवावे आणि डॉक्टरला तसे सांगावे.

दुसरी गोष्ट उन्हाची. या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते. एरवी सोसणारे ऊन भाजून काढते. शेडमधल्या कामगाराला हे कदाचित जाणवणार नाही. पण बीडकडून येणारे ऊसतोड कामगार माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर भागातल्या फडांत दिवसभर उघड्यावर असतात. त्यांच्यातल्या पोरांना ही गोळी देताना ‘उन्हात जाऊ नका’ असे सांगणे ही थट्टाच होईल. त्यांना पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला रुमाल, तोंडावर पदर हे सांगावे, आणि शक्य तर मलमांवरच भागवावे. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालील मुलाला मुरुमासारख्या कारणासाठी ही औषधे देत नाहीत. वाढत्या दातांवर त्यांचा पिवळा-तपकिरी डाग कायमचा बसतो. फडातल्या बाईला दिवस गेल्याचे कळावयाच्या आधीच गोळ्या चालू असतात, म्हणून देणाऱ्याने पाळीची चौकशी आधी केली पाहिजे. डोके विलक्षण दुखू लागले, नजर अंधुक झाली, अंगावर पुरळ उठला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता एक विषय असा, की त्यात गोळीचा संबंधच नाही आणि तरी गोळी दिली जाते. लेथवर, मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांच्या हातांच्या पुढच्या भागावर आणि मांड्यांवर काळे ठिपके व फोड येतात. तोंडावर थोडे, पण जेथे तेलाने भिजलेला कपडा घासतो तेथे फार. हे तारुण्याचे मुरुम नव्हेत. हे तेलाचे फोड. कटिंग ऑइल आणि वंगण केसांच्या छिद्रांत जाऊन ती बुजवते. एका कारखान्यात (नाव सांगत नाही) एकाच खात्यातील सात पोरांना असे फोड होते. सातही जण निरनिराळ्या दवाखान्यांतून अँटिबायोटिक घेऊन आलेले, आणि तेलकट फडके पँटच्या खिशात कोंबलेले. सदरे आठवड्यातून एकदा धुतले जात, हात धुवायला अख्ख्या खात्याला एक नळ. आम्ही मागणी केली ती औषधाची नव्हे : आठवड्याला कपड्यांचे दोन जोड, पुढे बांधायला तेल न शोषणारा ॲप्रन, मशीनला तेल उडू नये म्हणून आडवा पत्रा, साबण आणि आणखी तीन नळ. व्यवस्थापनाने प्रथम, “पोरांचे वयच आहे फोड येण्याचे,” असे उत्तर दिले. त्यावर आम्ही विचारले, वयाचे फोड मांडीवर नेमके खिशाखालीच कसे येतात? चार महिन्यांनी नळ आले. सातांपैकी पाच जणांचे फोड पुढल्या उन्हाळ्यापर्यंत गेले. दोघांना कातडीच्या डॉक्टरकडे पाठवावे लागले. हेल्मेटचा पट्टा आणि तोंडावरचा मास्क घासून हनुवटीवर येणारे फोडही याच जातीचे. पट्टा धुणे आणि मास्क कोरडा ठेवणे हा त्यांवर पहिला उपाय.

याहून वाईट प्रकार गोरे होण्याच्या मलमांचा. मुरुम, डाग आणि सावळेपणा या तिन्हींवर एकच म्हणून जी ट्यूब दुकानात मिळते, तीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, लाली जाते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस वाढतात आणि मुरुमांचे नवे पीक येते. मलम थांबवले की आग होते, म्हणून ते सोडवत नाही. भारतातील बारा केंद्रांवर झालेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत चेहऱ्याच्या विकारासाठी आलेल्या २९२६ रोग्यांपैकी ४३३ जण अशी स्टेरॉइडची मलमे लावीत होते, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के. अशा मुरुमांवर गोळी घेत राहून आणि मलमही लावीत राहून काही उपयोग नाही. आधी मलमाचे नाव डॉक्टरला दाखवावे. मलम एकदम न थांबवता ते कसे सोडायचे हे तेच सांगतील.

कायद्याची गोष्ट थोडक्यात. ही सारी अँटिबायोटिक्स डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१६ पासून सरकारने पाकिटावरची उभी लाल रेघ लोकांना ओळखायला शिकवण्याची मोहीम काढली. रेघ दिसली की समजावे, हे औषध मनाने घ्यावयाचे नाही. पण ज्याच्या गावाहून दवाखाना दहा कोस आहे आणि ज्याचा एक दिवस बुडला तर हजेरी बुडते, त्याला लाल रेघ दाखवून काय होणार? ज्यांच्या पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जाते त्या कामगाराला, कंत्राटी असला तरी, आणि त्याच्या कुटुंबाला उपचाराचा हक्क आहे. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाऊन दाखवण्यासाठी अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा मिळावी, ही मागणी आमच्या येत्या करारात आम्ही घातली आहे. मुरुमासाठी रजा मागता काय, असे कोणी म्हटले तर पुढे काय बोलायचे तेही आमच्या प्रतिनिधींना ठाऊक आहे.

डॉक्टरपुढे बसल्यावर विचारायचे प्रश्न आम्ही गेटसभेत पाठ करून घेतो : मला गोळीची खरोखर गरज आहे काय, तिच्याबरोबर लावायचे मलम कोणते, ती कोणत्या तारखेला थांबवायची, आणि त्यानंतर काय लावायचे. तारीख चिठ्ठीवर लिहून घ्यायची. परवा भिगवणकडची एक मुलगी चिठ्ठी दाखवायला आली होती. डॉक्टरने तारीख घातलीच, शिवाय खाली ‘दुधाबरोबर नको’ असेही लिहिले होते, आणि तिने घरी आल्यावर ती चिठ्ठी चुलीमागच्या भिंतीवर आईला दिसेल अशी लावली, असे म्हणाली.